मांडव मनिलातच का?

फिलिपिन्समध्ये फिलिपिनो-कोरियन सांस्कृतिक महोत्सव भरला, की त्याच्यामागोमाग एक ठरलेला वादही रंगतो. एका पक्षाचे म्हणणे असे, की हे सांस्कृतिक आक्रमण आहे आणि ते फुकट वाटले जात असल्यामुळे अधिकच घातक आहे. दुसरा पक्ष म्हणतो, की लोक गातात, नाचतात, चार पदार्थ चाखून घरी जातात. यात ज्यांना राजकारण दिसते त्यांची दृष्टीच तपासायला हवी. ऑक्टोबर २०२२ मध्ये हा वाद थेट सिनेटमध्ये पोचला होता. चित्रपट विकास परिषदेच्या अंदाजपत्रकाची सुनावणी चालू असताना, स्वतः अभिनेते आणि निर्माते असलेले सिनेटर जिंगॉय एस्त्रादा यांनी परदेशी मालिकांवर बंदी आणण्याचा विचार आपल्या मनात येतो, असे बोलून दाखवले. रोख अर्थातच कोरियन मालिकांवर होता. लोकांनी त्यांना धारेवर धरले, आपण उद्वेगापोटी तसे बोललो असा खुलासा त्यांनी केला, आणि प्रकरण मिटले. मिटले म्हणजे काय, तर दोन्ही पक्ष आपापल्या जागी परत गेले. वाद ज्या प्रश्नावर व्हायला हवा होता, तो प्रश्न कोणी विचारलाच नाही.

माझे म्हणणे आधीच स्पष्ट करतो. असे महोत्सव व्हावेत आणि ते मोफतच असावेत. त्यांना आक्रमण म्हणणे इतिहासाला धरून नाही. मात्र तेवढ्याने ते निव्वळ मैत्रीचे सोहळे ठरत नाहीत. ज्या कार्यक्रमाच्या नावात दोन देश आहेत त्याचा दिमाखदार मांडव एकाच देशात का पडतो, तिकडून इकडे येणे सोपे आणि इकडून तिकडे जाणे अवघड का, आणि हे पालटण्याची जबाबदारी कोणाची, हे विचारायला हवे. ती जबाबदारी मुख्यतः मनिलाची आहे, सोलची त्यानंतर, असे माझे मत आहे. दोन्ही पक्षांना ते रुचणार नाही, याची मला कल्पना आहे.

नोकरीनिमित्त मी मनिलात राहतो, आणि शेजारच्या एका निवृत्त शिक्षिकांच्या सोबतीने अशा एका महोत्सवाला गेलो होतो. महोत्सव एका मॉलच्या तळमजल्यावरच्या चौकात होता. दारावरच्या रखवालदाराने बारीक काठीने पिशव्या ढवळून पाहिल्या, एवढीच काय ती अडवणूक. आत एका बाजूला हानबोक हा पारंपरिक कोरियन पोशाख घालून छायाचित्र काढून घेण्याची रांग होती: गणवेशातल्या शाळकरी मुली, रविवारची सुट्टी मिळालेल्या घरकामगार स्त्रिया, रात्रपाळी संपवून आलेल्या दोन परिचारिका. जीन्सच्या वरूनच रेशमी झगा चढवला जात होता, आणि एक कोरियन आजीबाई प्रत्येकीच्या छातीवरची फीत एकाच बाजूला फास येईल अशी बांधून, ती नीट बसली का हे दोन पावले मागे सरकून पाहत होत्या. कामाची ती निष्ठा पाहून कोणालाही आदर वाटावा. माझ्या सोबतीच्या बाईंनीही आपले छायाचित्र काढून घेतले आणि जागच्या जागी भाच्याला पाठवले. भाचा दक्षिण कोरियातल्या आन्सान शहरात कारखान्यात कामाला आहे. त्या म्हणाल्या, की त्याच्या कोरियातल्या छायाचित्रांत हानबोक कधी दिसत नाही, हेल्मेट तेवढे दिसते.

कार्यक्रमाचा क्रमही सांगण्यासारखा आहे. आरंभी, खुर्च्या भरायच्या होत्या आणि ध्वनिक्षेपक जुळत नव्हते तेव्हा, स्थानिक महाविद्यालयाच्या मुलामुलींनी तिनिकलिंग सादर केले. बांबूच्या दोन काठ्या आपटत असताना त्यांच्या मधून पाय वाचवत नाचण्याचे ते कौशल्य प्रेक्षकांच्या ये-जा करण्यातच हरवून गेले. मग मान्यवरांची भाषणे, मग ताएक्वोंदोची प्रात्यक्षिके, मग चार वाद्यांचे समुलनोरी, मग कोरियन गाण्यांवर नाचणाऱ्या फिलिपिनो तरुणांची स्पर्धा, आणि शेवटी सोडत. पहिले बक्षीस सोलचे परतीचे विमान तिकीट. सोडतीच्या कागदावर तळाशी बारीक अक्षरांत लिहिले होते, की व्हिसा विजेत्याने स्वतःच्या जबाबदारीवर मिळवायचा आहे. चष्मा कपाळावरून खाली ओढून ती ओळ बाईंनी मला वाचून दाखवली. त्यांच्या मते एकंदर कार्यक्रमातली सर्वांत खरी ओळ तीच होती.

आता आक्षेपांकडे वळतो, आणि मोफतपणाचा आक्षेप आधी घेतो. जे फुकट मिळते त्यामुळे स्थानिक कलावंतांचा बाजार बसतो, असे म्हटले जाते. या युक्तिवादात तथ्य नाही असे नाही. आठवड्याच्या सुट्टीत डोळे दिपवणारा कार्यक्रम पैसा न मोजता पाहायला मिळत असेल, तर शेजारच्या नाट्यगृहातल्या स्थानिक नाटकाचे तिकीट कोण काढील? पण हा हिशेब मांडणारे लोक एक आकडा विसरतात. जुलै २०२४ मध्ये महानगर मनिलाचे किमान दैनिक वेतन ६४५ पेसो झाले, आणि चांगल्या चित्रपटगृहाचे तिकीट त्याच्या निम्म्याच्या आसपास किंवा वर जाते. चौघांच्या कुटुंबाने एक चित्रपट पाहायचा म्हणजे दोन दिवसांची कमाई गेली. हानबोकच्या रांगेतल्या बाया स्थानिक नाटक सोडून तिथे आल्या होत्या, अशी कल्पना ज्याने त्या रांगेकडे पाहिलेलेच नाही तोच करू शकतो. त्या अन्यथा मॉलमध्ये वातानुकूलित हवा खात फिरल्या असत्या, एवढेच.

याउलट, तिकिटाच्या आणि प्रतिष्ठेच्या भिंतीआड कला ठेवल्याने काय होते, याचा अनुभव मनिलाला आहे. १९६९ मध्ये तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी इमेल्डा मार्कोस यांच्या पुढाकाराने समुद्रात भर टाकून मिळवलेल्या जमिनीवर फिलिपिन्सचे भव्य सांस्कृतिक केंद्र उभे राहिले. तिथे उत्तम कलावंत घडले, हे मान्य केले पाहिजे. पण त्या वास्तूच्या पायऱ्या चढण्याचे धाडस सामान्य माणसाला होत नसे, आणि हा सारा थाट कोणासाठी हा प्रश्न तेव्हापासून तिला चिकटून आहे. चपला घालून, लेकरू कडेवर घेऊन, मध्येच उठून जाण्याची मुभा असलेला चौकातला कार्यक्रम या बाबतीत अधिक लोकशाही वृत्तीचा आहे. मोफत प्रवेश हा या महोत्सवांचा सर्वांत मोठा गुण आहे. टीकाकारांनी नेमका त्यालाच दोष ठरवावा, याचे आश्चर्य वाटते.

यावर जाणते टीकाकार अधिक खोल जातात, आणि इथे त्यांचे म्हणणे गांभीर्याने घ्यावे लागते. ते म्हणतात, की राज्यसंस्था जेव्हा काही फुकट देते तेव्हा ती किंमत नंतर वसूल करते, आणि हे फिलिपिन्सएवढे कोणाला ठाऊक असणार? जानेवारी १९०१ मध्ये अमेरिकी प्रशासनाने फिलिपिन्समध्ये मोफत सार्वजनिक प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला, आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये 'थॉमस' नावाच्या लष्करी जहाजातून सुमारे पाचशे अमेरिकी शिक्षक मनिलाच्या बंदरात उतरले. शाळा फुकट, पुस्तके फुकट, आणि माध्यम इंग्रजी. दोन पिढ्यांत शिकलेल्या फिलिपिनो माणसाला आपल्याच भाषेत गंभीर विषय मांडताना अडखळायला होऊ लागले. कोरियाचा डावही काही भाबडा नाही. १९९४ मध्ये कोरियन राष्ट्राध्यक्षांच्या सल्लागार मंडळाने असा हिशेब मांडला होता, की हॉलिवूडच्या एका डायनासोरपटाची कमाई पंधरा लाख ह्युंदाई गाड्यांच्या विक्रीच्या तोडीची आहे. पुढे राष्ट्राध्यक्ष किम दे-जुंग यांच्या सरकारने संस्कृतीकडे उद्योग म्हणून पाहिले, २००९ मध्ये आशय-उद्योगासाठी, म्हणजे मालिका, संगीत, खेळ यांच्या निर्मितीसाठी, स्वतंत्र सरकारी संस्था उभी राहिली, आणि २०११ मध्ये महानगर मनिलातल्या तागिग शहरात कोरियन सांस्कृतिक केंद्र उघडले. आजीबाई फीत प्रेमानेच बांधत होत्या. पण तो झगा तिथवर आणणारी व्यवस्था हिशेबी आहे.

हे सगळे मी मान्य करतो, आणि तरीही १९०१ ची उपमा लागू पडत नाही असे म्हणतो. ते जहाज आले तेव्हा फिलिपिनो-अमेरिकी युद्ध अजून चालू होते. शाळेमागे बंदूक उभी होती आणि सरकारी नोकरीचा रस्ता इंग्रजीतूनच जात होता. नकार देण्याची किंमत मोठी होती. कोरियन महोत्सवाला न जाण्याची किंमत काय? काहीच नाही. ज्या प्रभावाला नकार देता येतो, त्याला आक्रमण म्हणू लागलो तर खऱ्या आक्रमणासाठी शब्द उरणार नाही. शिवाय घेणारा काही मातीचा गोळा नसतो. एसबी१९ हा पाच तरुणांचा फिलिपिनो गट एका कोरियन कंपनीच्या स्थानिक शाखेने कोरियन पद्धतीच्या कठोर तालमीतून घडवला आणि २०१८ मध्ये रंगमंचावर आणला. आज तो प्रामुख्याने फिलिपिनो भाषेत गातो, आणि त्याच्या पाठोपाठ आलेल्या बिनी या मुलींच्या गटासह त्याने तरुण श्रोत्यांना पुन्हा स्वभाषेतल्या गाण्यांकडे वळवले आहे. उलट दिशेचे उदाहरणही आहे. लहानपणी फिलिपिन्समध्ये आलेली सांदारा पार्क ही कोरियन मुलगी २००४ मध्ये मनिलाच्या दूरचित्रवाणीवरील एका स्पर्धेतून घराघरात पोचली आणि त्यानंतर कोरियात जाऊन तारका झाली. आक्रमणाचा सिद्धांत मांडणाऱ्यांनी तिला कोणत्या बाजूच्या सैन्यात धरायचे ते सांगावे.

बंदीवाद्यांचा सर्वांत भक्कम मुद्दा मात्र मनिलातला नसून सोलमधलाच आहे, आणि तो ते क्वचितच नीट मांडतात. जपानने १९१० ते १९४५ या काळात कोरियावर राज्य केले, आणि स्वातंत्र्यानंतर कोरियाने जपानी गाणी, चित्रपट, चित्रकथा यांना दारे बंद ठेवली. ती टप्प्याटप्प्याने उघडण्यास १९९८ साल उजाडले. देशी चित्रपट वर्षातून ठरावीक दिवस दाखवलेच पाहिजेत, असे बंधनही कोरियन चित्रपटगृहांवर होते. ते १४६ दिवसांचे होते, आणि अमेरिकेशी व्यापारकराराच्या वाटाघाटी सुरू व्हायच्या वेळी, २००६ मध्ये, ते ७३ दिवसांवर आले. म्हणजे कोरिया स्वतः कुंपणाआड वाढला. मग फिलिपिन्सने कुंपण घातले तर बिघडले कुठे?

उत्तर असे, की कुंपण होते तेव्हाही पीक आपोआप आले नव्हते. १४६ दिवसांचे बंधन जागेवर असतानाच, १९९३ मध्ये, कोरियन चित्रपटांचा स्वतःच्या बाजारातला वाटा सुमारे १६ टक्क्यांपर्यंत घसरला होता. चित्र पालटले ते सेन्सॉरची पकड सैल झाल्यावर, चित्रपट-शिक्षणावर आणि निर्मितीवर सातत्याने पैसा खर्च झाल्यावर, आणि जपानी संस्कृतीच्या लाटेत आपण बुडू ही भीती असतानाही दार उघडल्यावर. बुडणे तर दूरच. काही वर्षांत जपानी गृहिणी कोरियन मालिकांच्या चित्रीकरणाच्या जागा पाहायला सहली काढू लागल्या. फिलिपिन्सकडेही कुंपणाचा नमुना आहेच. १९७५ पासून मनिला महानगर चित्रपट महोत्सव भरतो, आणि नाताळापासून पुढचे काही दिवस चित्रपटगृहांत देशी चित्रपटच लागतात. लोक गर्दी करतात. पुढे उरलेल्या वर्षभरात काय? ज्या सुनावणीत बंदीचा विचार बोलून दाखवला गेला ती अंदाजपत्रकाचीच होती, हा योगायोग मला बोलका वाटतो. तिथे मागायचा होता तो निधी. बोलणे भलतीकडेच वळले.

आणखी एक तक्रार अभ्यासकांकडून येते, ती अशी की महोत्सवात संस्कृतीचे केवळ सोंग असते: झगा, पंखे, ढोल आणि त्तोकबोकी या तिखट खाऊचा कागदी पेला. तक्रार खरी आहे, पण ती फक्त कोरियाला लावायची नाही. पंख्यांचे जे 'पारंपरिक' कोरियन समूहनृत्य सर्वत्र दिसते, ते किम बेक-बोंग या नर्तकीने १९५४ मध्ये रंगमंचासाठी रचले. समुलनोरी हा रंगमंचीय प्रकार १९७८ चा. फिलिपिन्सचा बायानिहान हा प्रसिद्ध लोकनृत्य संच १९५७ मध्ये मनिलातील महिला विद्यापीठात स्थापन झाला, पुढच्याच वर्षी ब्रसेल्सच्या जागतिक प्रदर्शनात गाजला, आणि मिंदानावमधल्या मरानाव समाजाचे सिंगकिल नृत्य त्याने ज्या झगमगाटात जगाला दाखवले त्याविषयी जाणकार अजून कुरबुर करतात. गोव्याचा मांडो ऐकत वाढलेल्या माणसाला हे सांगायची गरज नाही, की मिसळणे आणि मांडणे यांतूनच पुष्कळदा परंपरा तयार होते. तेव्हा रंगमंचावरची संस्कृती शुद्ध आहे का, हे विचारण्यात फारसे हशील नाही. ती कोण मांडते आणि कोणाच्या अटींवर मांडते, हे विचारावे. १९०४ मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुइसच्या प्रदर्शनात हजाराहून अधिक फिलिपिनो लोकांना 'खेड्यां'त बसवून प्रेक्षकांपुढे ठेवले होते. डोंगराळ भागातल्या इगोरोत लोकांचे दैनंदिन जीवन हा तिकीट लावून पाहण्याचा विषय झाला होता. तिनिकलिंग नाचणाऱ्या आजच्या मुलांची त्यांच्याशी तुलना करणे अन्यायाचे होईल. पण यजमान देशाच्या कलेला खुर्च्या भरेपर्यंतचा वेळ देणे, हेही एक विधानच असते, आणि ते बहुधा यजमानांनीच मुकाट्याने मान्य केलेले असते.

इथे दुसऱ्या पक्षाकडे, म्हणजे 'यात राजकारण कुठे आहे' असे विचारणाऱ्यांकडे वळले पाहिजे. कारण माझी खरी तक्रार त्यांच्याशी आहे. मंचावर मैत्रीचा जप चालतो, त्याचा पाया किती खोल आहे हे सप्टेंबर २०२० मध्ये दिसले. उगवत्या सूर्याच्या जपानी लष्करी ध्वजाशी मिळतेजुळते गोंदण टिकटॉकवरच्या एका फिलिपिनो-अमेरिकी तरुणीच्या दंडावर कोरियन प्रेक्षकांना दिसले. तिने माफी मागितली, तरीही काही कोरियन टीकाकार फिलिपिनो लोकांच्या गरिबीवर, वर्णावर आणि शिक्षणावर घसरले, आणि फिलिपिन्समधून कोरियाविरोधी हॅशटॅगचा पूर आला. आदल्या दिवसापर्यंत कोरियन गटांची नावे मिरवणारी मुलेमुलीच त्यात पुढे होती. इतकी वर्षे मोफत महोत्सव पाहिलेल्या समाजांत हे का घडावे? माझे उत्तर सरळ आहे: फिलिपिनो माणूस कोरियाविषयी बरेच काही शिकला होता, सामान्य कोरियन माणसाला मात्र फिलिपिन्सविषयी समुद्रकिनारे, इंग्रजीचे स्वस्त वर्ग आणि घरकामगार यांपलीकडे काही शिकवलेच गेले नव्हते. २०१९ मध्ये सुमारे २० लाख कोरियन पर्यटक फिलिपिन्समध्ये आले, परदेशी पाहुण्यांत सर्वाधिक, आणि त्यांना अल्प मुक्कामासाठी व्हिसा लागत नाही. फिलिपिनो माणसाला कोरियात जायला लागतो. बँकेचे उतारे, नोकरीचे दाखले, आणि मग वाट पाहणे.

भाषणांतली मैत्री तर नेहमी एकाच कथेवर उभी असते: कोरियन युद्धात फिलिपिन्सने सैन्य पाठवले आणि कोरिया ते ऋण विसरलेला नाही. कथा खरी आहे आणि मोठीही आहे. सप्टेंबर १९५० पासून १९५५ पर्यंत ७,४२० फिलिपिनो सैनिक कोरियात गेले. एप्रिल १९५१ मधली युलतोंगची लढाई त्यांनी चिनी फौजेच्या महापुरासमोर झुंजून दिली. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले फिदेल रामोस या युद्धात तरुण अधिकारी म्हणून लढले, आणि पुढे विरोधी नेते झालेले बेनिन्यो अकिनो सतराव्या वर्षी वार्ताहर म्हणून गेले. जुन्या पाचशे पेसोंच्या नोटेच्या पाठीमागे त्या युद्धाच्या त्यांच्या बातमीचे कात्रणच छापलेले होते. पण या कथेला एक जोडकथा चिकटली आहे, ती अशी की सोलचे जांगचुंग क्रीडागृह तेव्हाच्या श्रीमंत फिलिपिन्सने गरीब कोरियाला बांधून दिले. १९६० मध्ये फिलिपिन्सचे दरडोई उत्पन्न कोरियापेक्षा अधिक होते हे खरे. परंतु १९६३ चे ते क्रीडागृह कोरियन वास्तुविशारदाने रचले आणि कोरियन कंत्राटदाराने बांधले. तरीही गोष्ट मरत नाही, कारण ती दोन्ही बाजूंना सोयीची आहे. कोरियन श्रोत्याला आपण कुठून कुठे आलो याचा अभिमान वाटतो, फिलिपिनो श्रोत्याला गतवैभवाचा गोड चटका बसतो, आणि आजच्या हिशेबाविषयी कोणालाच बोलावे लागत नाही.

खोट्या कथेची गरज तरी काय, जेव्हा खऱ्या पडून आहेत? लागुना प्रांतातल्या लोस बान्योस इथे १९६० मध्ये आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था स्थापन झाली, आणि तिथेच कोरियन शास्त्रज्ञांनी त्या संस्थेबरोबर जे संकरित वाण तयार केले तेच पुढे 'थोंगिल' भात म्हणून सत्तरच्या दशकात कोरियाभर लावले गेले. कोरिया तांदळात स्वयंपूर्ण झाला त्यात त्याचा मोठा वाटा होता. त्याहूनही जुनी गोष्ट मुन सुन-दुक या मासळीच्या व्यापाऱ्याची. १८०२ च्या सुमारास वादळात त्याची नाव भरकटली; र्‍युक्यू बेटांमार्गे तो लुझोनला, विगान परिसरात, पोचला, तिथल्या लोकांत राहिला, त्यांची बोली कानावरून शिकला आणि १८०५ मध्ये घरी परतला. इकडे जेजू बेटावर १८०१ पासून काही परदेशी अडकून पडले होते आणि ते कुठले हे कोणालाच उमगत नव्हते. मुनने त्यांच्याशी त्यांच्या बोलीत संभाषण केले, तेव्हा ते लुझोनचे आहेत हे कळले आणि १८०९ मध्ये त्यांना मायदेशी धाडण्याची व्यवस्था झाली. दोन समाजांतल्या खऱ्या देवाणघेवाणीचा एवढा सुंदर पुरावा हाताशी असताना मंचावर विमान तिकिटाची सोडत निघते, याला काय म्हणावे?

आयोजक म्हणतील, की महोत्सव म्हणजे कामगार न्यायालय नव्हे. लोक दोन घटका मजेसाठी येतात, त्यांच्यापुढे वेतनाचे आणि व्हिसाचे रडगाणे कशाला? अंशतः बरोबर आहे. कोरियन वडिलांनी फिलिपिन्समध्ये मागे टाकलेल्या मुलांचा प्रश्न समुलनोरीच्या आधी दहा मिनिटांत सुटणार नाही, आणि तसा प्रयत्न केला तर तो त्या मुलांचाच अपमान ठरेल. पण जे लोक दोन्ही देशांच्या मध्ये रोज उभे आहेत, तेच मैत्रीच्या मंचावर नसावेत, हे कसे? परदेशी कामगारांसाठीची कोरियाची परवाना पद्धत २००४ मध्ये सुरू झाली, तेव्हापासून फिलिपिन्स तिच्यात सहभागी आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये सोलमध्ये बालसंगोपनाच्या प्रायोगिक योजनेखाली शंभर प्रशिक्षित फिलिपिनो स्त्रिया दाखल झाल्या, आणि कोरियन माध्यमांत चर्चा कशाची झाली, तर त्यांना कोरियन किमान वेतन देणे परवडते का याची. २०१२ मध्ये कोरियन संसदेत निवडून आलेल्या जास्मिन ली या मूळच्या फिलिपिनो. नागरिकत्व घेऊन खासदार झालेल्या त्या पहिल्याच, आणि त्यांना इंटरनेटवर सोसावा लागलेला द्वेषही तेवढाच उघड आहे. भाच्याला छायाचित्र पाठवणाऱ्या माझ्या शेजारीणबाईंना मंचावरून यांपैकी एकही नाव ऐकू आले नाही.

पण याचा दोष कोरियन दूतावासाच्या माथी मारून मोकळे होणे मला पटत नाही. कोरिया आपले काम चोख करतो. २०१७ मध्ये बुसानमध्ये आसियान देशांच्या संस्कृतीसाठी वास्तू उभी राहिली, तीही कोरियाच्याच पुढाकाराने, म्हणजे फिलिपिन्सची ओळख करून देण्याचे कामही काही अंशी तोच करतो आहे. फिलिपिन्सने २००९ च्या वारसा कायद्याने 'सेंत्रो रिझाल' निर्माण केले, परदेशांत फिलिपिनो भाषा आणि संस्कृती पोचवण्यासाठी. ती केंद्रे मुख्यतः दूतावासांच्या आधाराने चालतात, आणि त्यांचा भर प्रवासी फिलिपिनोंच्या मुलांवर असतो. तो हवाच. पण सोलच्या एखाद्या गजबजलेल्या चौकात कोरियन आजोबा आणि त्यांची नात रांगेत उभे राहून बारोंग हा फिलिपिनो सदरा घालून पाहतील, लुंपिया खातील, लोस बान्योसच्या भाताची गोष्ट ऐकतील, असा कार्यक्रम फिलिपिनो सरकारने स्वतःच्या खर्चाने भरवायला नको का? तेवढा पैसा कुठून आणायचा, असे म्हणणाऱ्यांना मी २०२४ ची आठवण देईन, जेव्हा जॉलिबी या फिलिपिनो खाद्यकंपनीने कंपोज कॉफी या कोरियन कॉफीसाखळीतला ७० टक्के हिस्सा विकत घेण्याचा करार केला. फिलिपिनो भांडवल सोलच्या गल्लीबोळांत पोचू शकते. हा विचार भारतातही करून ठेवावा असा आहे. दिल्लीत २०१२ पासून कोरियन सांस्कृतिक केंद्र आहे, रांजणगावला एलजी जुनी झाली, आणि तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना ह्युंदाईने घेण्याचा करार २०२३ मध्ये झाला. पुण्यात असा मांडव पडेल तेव्हा मराठी माणसानेही 'आक्रमण' आणि 'मैत्री' यांच्या पलीकडचा प्रश्न विचारावा.

मनिलापुरते बोलायचे तर सुरुवातीची जागाही तयार आहे. सोलच्या हेह्वा-दोंग भागात कॅथलिक चर्चच्या आसपास दर रविवारी फिलिपिनो बाजार भरतो. टागालोग भाषेतली प्रार्थना आटोपून कामगार बाहेर पडतात, अदोबो आणि तळलेली केळी खातात, घरी पाठवायच्या पैशांचे बोलतात. गर्दीच्या तक्रारींमुळे तो हलवण्याचे प्रयत्नही मागे झाले आहेत. या रस्त्याला रविवारपुरती अधिकृत मान्यता, त्यावर वर्षातून एकदा फिलिपिनो सरकारच्या खर्चाने मोफत महोत्सव, आणि त्यासाठी येणाऱ्या कलावंतांना व प्रेक्षकांना सुलभ अल्पमुदतीचा व्हिसा, या तीन मागण्या मनिलाने पुढच्या द्विपक्षीय बैठकीत मांडाव्यात. ३१ डिसेंबर २०२४ पासून दोन्ही देशांत मुक्त व्यापार करार लागू झाला आहे आणि फिलिपिनो केळ्यांवरचा ३० टक्के कर पाच वर्षांत शून्यावर यायचा आहे; तेवढी घासाघीस जर केळ्यांसाठी करता आली, तर ती केळी पिकवणाऱ्यांच्या मुलांसाठीही करता येईल.